पांढऱ्या बुरशीला खुले पत्र

सॅप्रोलेग्निया,
मुक्काम : अंड्यांची पाटी, घरची काचटाकी, मूर्तिजापूर.

तुला 'प्रिय' लिहिणार नाही आणि 'सप्रेम नमस्कार' तर नाहीच नाही. एंजल माशांची जोडी टाकीतली पाटी तोंडाने घासूनपुसून लख्ख करते. मादी ओळीने अंडी चिकटवत जाते, नर तिच्या मागोमाग त्याच ओळीवरून फिरतो. मग दोघं आळीपाळीने पंखांनी वारा घालत पहारा देतात. इतक्या कष्टांवर तू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरी लव चढवतेस. याचा जाब तुला आज चारचौघांत विचारायचा आहे.

लोक तुला बुरशी म्हणतात, पण तू खरी बुरशीही नाहीस. तुझी पेशीभित्तिका सेल्युलोजची आणि तुझे बीजाणू शेपटीच्या जोरावर पाण्यात पोहत भक्ष्य शोधणारे. ज्या करप्याने 1845 पासून आयर्लंडचा बटाटा कुजवून लाखो माणसं भुकेने मारली, तो तुझ्याच कुळातला. असं घराणं असताना तुझ्याकडून दयेची अपेक्षा कोण ठेवील?

पण तुझ्यावरचा आरोप नेमका मांडायला हवा. फलित झालेल्या, धडधाकट अंड्यावर तू सहसा हात टाकत नाहीस. त्याच्या आवरणापुढे तुझं चालत नाही. तू आधी मेलेलं अंडं गाठतेस आणि तिथून शेजारच्या जिवंत अंड्यावर तंतू पसरून त्याचा श्वास कोंडतेस. तेरवीच्या जेवणाला येऊन घरच बळकावणारी तू! तुझा हा गुन्हा माफ नाही. पण पहिलं अंडं मारणारे तुझे साथीदार वेगळेच आहेत आणि तुझ्या पांढऱ्या लवेआड ते बिनबोभाट सुटतात. त्यांची नावं आज मी फोडतो.

पहिलं नाव पाण्याचं. आमचा तालुका पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो आणि इथल्या बोअरच्या पाण्याची खारट चव सगळ्यांनाच ठाऊक आहे. एंजल मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, मऊ म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यातला. पिढ्यान् पिढ्या टाकीत वाढलेला एंजल जड पाण्यात जगतो, अंडीही घालतो. पण पाणी फारच जड झालं की अंडी फळत नाहीत, फळली तरी नीट फुटत नाहीत. त्यात उन्हाळ्यात टाकीतलं पाणी रोज आटतं. आपण वरून बोअरचं पाणी ओतून पातळी भरतो. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी. क्षार मागेच राहतात आणि दर भरणीला वाढत जातात. म्हणून आटलेली पातळी आरओच्या पाण्याने भरावी. पहिले एक-दोन पाऊस सोडून स्वच्छ छतावरून धरलेलं पावसाचं पाणीही चालतं. पाण्यातले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने ते पाहून बोअरच्या पाण्यात बेताबेताने मिसळावं. एकदम बदललं तर मासेच हबकतात. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडून जायला दिवसभर हवेचा पंप लावून ठेवावं.

दुसरं नाव जोडीचं. पाटीवरची सगळीच्या सगळी अंडी पहिल्या दिवसात दुधी झाली, तर बहुधा ती फळलीच नव्हती. दोन माद्याही जोडी जमवतात, पाटी साफ करतात, अंडी घालतात. अंडी घालायच्या वेळी पोटाखाली दिसणारी नळी पाहावी : नराची बारीक व टोकदार, मादीची रुंद व बोथट. नर खरा असूनही कोवळा असेल, तर पहिल्या एक-दोन विणी वाया जाऊ शकतात. आणि वर्षभर कोरड्या दाण्यांवर ठेवलेल्या मादीकडून सकस अंडी कुठून येणार? तिला आर्टेमियाचे बारीक जीव द्यावेत, स्वच्छ पाण्यात वाढलेल्या डासांच्या अळ्या द्याव्यात.

तिसरं नाव हवेचं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. मे महिन्यात वऱ्हाडातली खोली काय तापते हे सांगायला नको, आणि वीज गेली की पंपही थांबतो. 27-28 अंशांवर एंजलची अंडी साधारण अडीच दिवसांत फुटतात. त्या अडीच दिवसांत पाणी खेळतं राहिलंच पाहिजे. पाटी वेगळ्या टाकीत हलवली, की आईबापांच्या पंखांचं काम पंपाच्या नळीला लावलेल्या हवेच्या दगडाने करायचं. बुडबुडे अंड्यांवर आदळता कामा नयेत, नुसता प्रवाह लागावा. आईबाप मेलेली अंडी तोंडाने वेचून टाकतात. तेही काम आता ड्रॉपरने आपणच करायचं.

आता तुझा बंदोबस्त. मिथिलीन ब्लू हा 1876 मध्ये जर्मनीत हाइनरिख कारोने तयार केलेला रंग. 1891 मध्ये पाउल एर्लिखने तो हिवतापावर वापरून पाहिला. आज त्याचे काही थेंब, पाणी फिकट निळं होईपर्यंत, अंड्यांच्या टाकीत टाकले की तुझी वाढ अडते. तो मुख्य टाकीत मात्र ओतू नये, फिल्टरमधले उपयोगी जीवाणू मरतात. आणि मेलेलं अंडं कितीही निळं केलं तरी जिवंत होत नाही. अंडी पांढरी दिसताच आम्हाला दुकानात धावायला आणि बाटलीमागून बाटली रिकामी करायला लावतेस, तेव्हा तू दुसऱ्यांदा फसवतेस.

म्हणून हे पत्र तुझ्या नावे असलं तरी शेवटचा शब्द घरोघरच्या मासेपाळांना आहे. पांढरी अंडी दिसली की आधी केव्हा आणि किती, हे पाहा. पहिल्याच दिवशी सगळी गेली तर जोडी आणि पाणी तपासा. पहिला दिवस निभावून नंतर एका कोपऱ्यातून पांढरेपणा पसरत गेला, तर मेलेली अंडी वेचा, हवा वाढवा, मग निळ्या थेंबांकडे वळा. थोडी अंडी प्रत्येक विणीत जातातच, त्यांचा घोर नको. पण विणीमागून वीण वाया जात असेल तर औषध बदलू नका, पाणी बदला.

तुझ्या पाळतीवर असलेला,
एक मासेपाळ, मूर्तिजापूर