म्हैस बरी आहे ना?

आमचे पणजोबा गिरणीत 'मोठे साहेब' होते. निदान लग्नाच्या बैठकीत तरी असायचे. काकांनी ही गोष्ट इतक्या सोयरिकींत सांगितली, की एकदा मला पुरावा काढायची दुर्बुद्धी झाली. राजापूरकडच्या माणसाने खणायचंच तर विहीर खणावी, पूर्वज खणू नयेत.

माळ्यावरच्या ट्रंकेत एक पितळी बिल्ला आणि हजेरीचा जीर्ण कागद निघाला. त्यावर लिहिलं होतं : 'त्रासन खातं, बदली'. बदली म्हणजे पहाटे गिरणीच्या फाटकाशी उभं राहायचं आणि कायमचा कामगार आला नाही, तर जॉबर बोट दाखवेल त्याने आत शिरायचं. खात्याचं मूळ नाव थ्रॉसल. सूत कातायच्या या यंत्राची गुणगुण इंग्रजांना एका गाणाऱ्या पक्ष्यासारखी वाटली, म्हणून त्याचंच नाव यंत्राला दिलं. दहा-दहा तास ते गाणं ऐकणाऱ्या आमच्या माणसांनी त्याचं 'त्रासन' केलं. इतकं चोख भाषांतर मी दुसरं पाहिलेलं नाही.

काकांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "बदलीवरचे साहेब असतील."

ट्रंकेच्या तळाशी तारेला टोचलेली मनिऑर्डरची कुपनं होती. दर महिन्याला आठ रुपये, पणजोबांच्या आईच्या नावे. खाली मजकुराच्या जागेत दोन ओळी. अक्षर दर वर्षी वेगळं, म्हणजे लिहून देणारा वेगळा. पण मजकूर एकच : 'मी खुशाल. म्हैस बरी आहे ना?' कधी 'पावसात म्हशीस जपावे', कधी 'म्हशीस माहेरी पाठवू नये'. इथे मी जरा थबकलो. पण कोकणात जनावरावर माया असतेच, म्हणून पुढे गेलो.

१९२८ मध्ये मात्र मे ते सप्टेंबर एकही कुपन नाही. तो मुंबईच्या गिरण्यांतला सहा महिन्यांचा मोठा संप. एकाच माणसाच्या गळ्यात दुप्पट यंत्रं मारायचा मालकांचा बेत होता, त्याविरुद्ध दीड लाख कामगार बाहेर पडले. हजारोंनी गावची वाट धरली, त्यांत पणजोबाही. मग नोव्हेंबरच्या शिक्क्याचं कुपन : 'म्हशीस सहावा महिना. जड काम देऊ नये.'

हे मी थोरल्या आत्याला कौतुकाने वाचून दाखवलं. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "मेल्या, आपल्याकडे म्हैस कधी होती? आईला लिहिलेल्या कागदात बायकोची चौकशी करणार कशी?"

मी बोटांवर महिने मोजले. आजोबा १९२९ च्या शिमग्याच्या आसपास जन्मले असणार. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी, निम्म्या महाराष्ट्राला तेव्हा लावायचे तशी, १ जून लावलेली, साल १९२८. त्या तारखेला पणजोबा संपामुळे नुकते गावी पोचले होते. म्हणजे आजोबांचे पोटातले नऊ महिने सरकारने वयात धरले आणि तेवढेच आधी त्यांना निवृत्त केलं. हा पगार कुणाकडे मागायचा, याचा काका सध्या विचार करताहेत. साहेबांचा विषय त्यांनी सोडलाय.

"पण पणजोबांच्या आईला हे कळायचं नाही?" मी आत्याला विचारलं.

"न कळायला काय झालं? पोस्टमन ओटीवर वाचून दाखवायचा आणि आत भांडी आपटायची. मग म्हातारी त्याच्याचकडून उत्तर लिहून घ्यायची : 'म्हैस बरी आहे. हल्ली शिंगं उगारते.'"