संस्थापक अध्यक्ष

तरुणांची नवी सेवाभावी संस्था निघते आहे ही बातमी पेणमध्ये सर्वांत आधी कळते ती छापखानेवाल्याला. घटना लिहून झालेली नसते, सभासद जमलेले नसतात, बँकेत खातं नसतं. लेटरहेड मात्र छापायला आलेलं असतं. उजव्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत एक नाव आणि त्याखाली 'संस्थापक अध्यक्ष'. डाव्या बाजूला उभ्या रांगेत उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, संघटक, प्रसिद्धिप्रमुख आणि सल्लागार. सल्लागारांतल्या निम्म्या लोकांना आपण सल्ला देतो हे लेटरहेड हातात पडल्यावरच समजतं.

आपला नायक तो उजव्या कोपऱ्यातला. त्याचं नाव सांगत नाही, कारण तो एक नाही. तो पेणला आहे, रोह्याला आहे, आणि नागोठण्यात या क्षणी बहुधा प्रूफ तपासत बसला आहे.

वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. तरुणांचा क्लब काढायला स्वतः तरुण असावं लागत नाही. लायन्सच्या लिओ क्लबात बारा ते तीस वयाची मुलं घेतात; आपल्या नायकाला तरुणांची काळजी वाटायला लागली ती एकतिसाव्या वर्षापासून. घर पेणला, नोकरी रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत. त्यामुळे रोजची गाडी, आणि गाडीतच सभासद नोंदणी. कासू येईपर्यंत शेजारचा अनोळखी प्रवासी सभासद झालेला असतो, नागोठण्याला तो कार्यकारिणीवर येतो, निडीला त्याच्या गळ्यात वृक्षारोपण समिती पडते, आणि रोह्याला उतरल्यावर तो बिचारा दुसऱ्या दिवसापासून मागच्या डब्यात बसायला लागतो.

त्याचं भाषण शिकागोपासून सुरू होतं. विवेकानंद १८९३ साली बोलले ते शिकागोला, पॉल हॅरिसने १९०५ साली रोटरी काढली ती शिकागोला, आणि १९१७ साली मेल्विन जोन्सने लायन्सची मोट बांधली तीही शिकागोलाच. तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण त्याच्या भाषणात विवेकानंद व्यासपीठावरून खाली उतरतात न उतरतात तोच पॉल हॅरिस माइक हातात घेतो. तिथून गाडी तरुणांवर येते. १९५७ साली पेनसिल्व्हेनियातल्या ग्लेनसाइडच्या लायन्स मंडळींनी अ‍ॅबिंग्टन हायस्कूलच्या पोरांचा पहिला लिओ क्लब काढला. पुढाकार होता जिम ग्रेव्हर नावाच्या, शाळेच्या बेसबॉल कोचचा. "पेनसिल्व्हेनियात होतं, मग पेणमध्ये का नाही?" या वाक्याला टाळी ठरलेली. मीही वाजवतो. मनात मात्र त्या कोचचं कौतुक करत असतो. त्याच्याकडे मुलं आधी होती आणि क्लब नंतर आला. आमच्याकडे क्लब आधी निघतो आणि मग मुलांची शोधाशोध.

आणि शोधाशोध करायची कधी, तर जुलैत. या आंतरराष्ट्रीय क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. शिकागोला तेव्हा छान ऊन पडत असेल. पेणला तेव्हा भोगावती दुथडी वाहत असते आणि तरुण गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात असतात. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात गणपतीच्या आधीच्या महिन्यांत हाताला रंग न लागलेला पोरगा शोधून दाखवावा. कॉलेजात नाव घातलेली मुलं रात्र-रात्र पितांबरावर सोनेरी मारत असतात, ज्याचा हात बसलाय तो डोळ्यांच्या आखणीला, ज्याला काहीच येत नाही तो टेम्पोत पेंढा भरायला. अशा मुलासमोर उभं राहून "तरुणांनी समाजासाठी वेळ दिला पाहिजे" म्हटलं, की तो ब्रश न थांबवता म्हणतो, "दादा, गणपतीनंतर चालेल?" पहिल्या सभेची हजेरी त्यामुळे लेटरहेडवरच्या नावांपेक्षा कमी भरते. इतिवृत्तात 'सभा उत्साहात पार पडली' एवढंच जातं.

पहिला उपक्रमही ऐकण्यासारखा. लहान मुलांसाठी 'शाडूचा गणपती करायला शिका' कार्यशाळा. पेणमध्ये! कल्पना ठाण्याच्या मेव्हण्याच्या सोसायटीतून उचललेली, मार्गदर्शक बाई पनवेलहून बोलावलेल्या. बाईंनी मातीचा गोळा थापला, पोट केलं, सोंड वळली आणि तोंडावर चिकटवली. दुसऱ्या रांगेतला सातआठ वर्षांचा एक मुलगा बराच वेळ गप्प बघत होता. शेवटी त्याला राहवेना. "बाई, अशी लावलीत तर सुकल्यावर तडकेल." तो उठला, सोंड काढली, जोडाच्या दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे पाडले, वाटीत पातळ माती कालवून मध्ये भरली, सोंड बसवली आणि ओल्या बोटाने सांधा असा पुसला की सांधा कुठे होता ते दिसेना. पुढचा तासभर बाई त्याच्या शेजारी बसून शिकत होत्या. मुलाच्या आजोबांचा कारखाना होता, हे प्रमाणपत्र देताना कळलं. प्रमाणपत्र मुलाला मिळालं, बाईंना नाही.

बॅनरची गंमत वेगळीच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली पीओपीच्या मूर्तींवर बंदीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हापासून हा विषय पेणमध्ये चारचौघांत कुणी सहज काढत नाही. कितीतरी घरांची चूल त्यावर आहे. नायकाने ठाण्याचाच मजकूर उचलला होता: 'पीओपीला नाही म्हणा'. आदल्या रात्री लक्षात आलं, की नाश्त्याचे पोहे ज्यांनी प्रायोजित केले त्यांचा माल पीओपीचाच. सकाळी बॅनरवर 'मातीशी नातं जोडू या' असं होतं. तत्त्वाशी तडजोड झाली म्हणा हवं तर. पण पोहे पेणचे होते आणि पुरून उरले.

पदांचं वाटप हा त्याचा आवडता कार्यक्रम. उपाध्यक्षपद जितक्यांना हवं तितक्यांना मिळतं. लायन्सच्या पद्धतीत टेल ट्विस्टर नावाचा एक पदाधिकारी असतो. सभेत उशिरा आला, बिल्ला विसरला, अशा कारणांवरून सभासदांना गमतीने दंड करायचा आणि वातावरण हलकं ठेवायचं, हे त्याचं काम. ते पद आमच्याकडे लग्गेच भरलं. अडतं ते खजिनदारापाशी. २०१० साली पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि गावातल्या घराघरांतले पैसे अडकले. तेव्हापासून दुसऱ्याचे पैसे सांभाळायचे म्हटलं की पेणकर दोन पावलं मागे सरतो. मग ते पद सभेला न आलेल्या माणसाला एकमताने देतात.

संस्था रीतसर नोंदवायची तर किमान सात जण लागतात आणि कागद घेऊन अलिबागला धर्मादाय कार्यालयात जावं लागतं. सातवा माणूस नेहमी मेव्हणा असतो.

पदग्रहण समारंभाला मात्र नायक जीव ओततो. घंटा, हातोडा, गळ्यातली पट्टी, कोटावरची पिन, सगळं दादरहून येतं. सभा सुरू झाल्याची घंटा तो अशी वाजवतो की बाहेर उभे असलेले चहावाले आत येऊन बसतात. प्रमुख पाहुणे अर्थातच उशिरा. "साहेब वडखळला अडकलेत," अशी घोषणा होते आणि सभागृह समजूतदारपणे मान डोलावतं. मुंबई-गोवा रस्त्याचं रुंदीकरण २०११ पासून चालू असल्यामुळे रायगडात हे कारण अजून कुणी नाकारलेलं नाही. साहेब पनवेलहून येत होते, आणि पनवेलहून पेणला येताना वडखळ लागतच नाही, हे कुणी बोलून दाखवत नाही.

भाषणाच्या शेवटी तो मातीचा अभिमान बाळगतो. विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, जन्म १८९५. पांडुरंगशास्त्री आठवले रोह्याचे, जन्म १९२०. शेजारशेजारच्या दोन तालुक्यांतली ही दोन माणसं, आणि दोघांनाही समाजनेतृत्वासाठी मॅगसेसे पुरस्कार: एकाला १९५८ साली, दुसऱ्याला १९९६ साली. हे खरंच अभिमानाचं आहे, आणि नायक ते सांगतो तेव्हा मी कान देऊन ऐकतो. फक्त त्यातला एक जण जमीन मागत देशभर पायी फिरला आणि दुसऱ्याने माणसं जोडली ती घरोघर जाऊन, एवढं तो गाळतो. पायी फिरणं त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत बसत नाही. आदिवासी वाडीवर ब्लँकेटं वाटायची तरी गाडी जाईल अशीच वाडी निवडतात.

ते ब्लँकेटवाटप जानेवारीत ठरलं होतं, थंडी बघून. दोन जीप, बॅनर, फोटोग्राफर. वाडीत पोचले तर बहुतेक झोपड्यांच्या दारांना तारा पिळलेल्या. एक म्हातारी, चार शेळ्या आणि एक कुत्रं. आमच्याकडचा कातकरी समाज दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर नाहीतर कोळशाच्या कामावर बाहेर पडतो आणि पाऊस तोंडावर आला की परततो. पिढ्यान् पिढ्या हे चालू आहे. फक्त क्लबाला कुणी कळवलं नव्हतं. म्हातारीने एक ब्लँकेट घेतलं, बॅनरच्या एका टोकाला उभीही राहिली, आणि विचारलं, "बाकीची पावसात आणाल का? तेव्हा सगळी असतात." तिच्याकडून ही गोष्ट वहीत लिहून घेतली ती एकाच व्यक्तीने. ती सचिव.

सचिवाबद्दल लिहिल्याशिवाय हे चित्र पुरं होणार नाही. ती कॉलेजात एनएसएस केलेली मुलगी असते. वर्षाचे एकशेवीस तास भरता भरता तिला कामाची सवय लागते आणि तास भरले तरी सुटत नाही. लेटरहेडवर तिचं नाव तिसरं, फोटोत ती कडेला, निम्मी कापलेली. पण कुणाचा रक्तगट काय, कुणाचं रक्त घेऊन तीन महिने झाले, कुठल्या वाडीत कोण गरोदर आहे, हे सगळं तिच्या वहीत. नायक तिला कौतुकाने "आमचा उजवा हात" म्हणतो. तो हात पगारी असता तर संस्था पहिल्या महिन्यातच बुडाली असती.

वर्ष संपतं आणि नायकाच्या आयुष्यातला दुःखाचा दिवस उगवतो. नियमाप्रमाणे नवा अध्यक्ष येतो. घंटा आणि हातोडा दुसऱ्याच्या हाती जातो. 'संस्थापक' ही पदवी त्याच्यापाशी आयुष्यभर राहते, पण तिला गळ्यातली पट्टी नाही. तो आठ दिवस गाडीत गप्प बसतो. नवव्या दिवशी त्याला जाणवतं की रोह्याचे तरुण उपेक्षित आहेत.

रोह्याला सुरुवात तो हुशारीने करतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी निघते, पोलिस मानवंदना देतात, सगळं रोहं रस्त्यावर असतं. गर्दी आयती. तिथे सरबताचं टेबल, मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर 'संस्थापक अध्यक्ष'. सरबत पिणाऱ्याला सभासद अर्ज. धाटावच्या पाळ्यांमुळे इथेही बैठकीला कधी निम्मे रात्रपाळीचे झोपलेले, तर कधी निम्मे दिवसपाळीत अडकलेले. पण शिकागोचं भाषण तयार आहे आणि घंटा नवी आणली आहे.

रक्तदान शिबिरात त्याला पाहावं. वय अठरा पूर्ण हवं, वजन किमान पंचेचाळीस किलो, हिमोग्लोबिन साडेबारा, हे तो दाराशी उभा राहून प्रत्येकाला सांगतो. उपाशी आलेल्याला स्वतः नाश्त्याला बसवतो. घाबरलेल्या पोराचा हात धरून खाटेपर्यंत नेतो. स्वतः मात्र देत नाही, कारण त्याने "दोनच महिन्यांपूर्वी दिलंय". पुरुषाला दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं अंतर लागतं, आणि त्याचे दोन महिने गेली कित्येक वर्षं चालू आहेत.

इथवर हसून झालं. आता दुसरी बाजू. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडवर आलं. कोविडची टाळेबंदी, त्यात रोहा तालुक्यात घरांचे पत्रे आणि कौलं उडालेली, विजेचे खांब आडवे, पाऊस तोंडावर. तेव्हा ज्यांना ताडपत्री हवी होती त्यांना ती मिळवून देणाऱ्यांत हा नायक होता. कारण बंद दुकानाच्या मालकाला घरी जाऊन उठवायला तोंड लागतं, आणि ते तोंड त्याने पावतीपुस्तकं फाडून वर्षानुवर्षं तयार केलं होतं. "मालक जेवायला गेलेत" हे उत्तर त्याने इतक्या वेळा पचवलं आहे की तो आता जेवण संपेपर्यंत ओटीवर बसून राहतो. भिडस्त, सज्जन, अभ्यासू माणसं त्या आठवड्यात हळहळत घरी होती, मीही त्यांतलाच. ताडपत्र्या त्याने आणल्या, कुणाला आधी द्यायच्या ते सचिवाने ठरवलं. फोटो त्यानेच काढून घेतला, आणि त्या दिवशी तो फोटो कुणाला खुपला नाही.

तेव्हा माझं मत विचाराल तर गावात असा एक माणूस असावा. दोन असले तर मात्र एकाच वाडीवर दोनदा ब्लँकेटं जातात. तो तुमच्या दाराशी आला तर जेवायला गेल्याचं सांगू नका. पावती घ्या, पेनसिल्व्हेनियाला टाळी द्या. फक्त निघताना त्याच्याकडून सचिवाचा नंबर मागून घ्या. रात्री दोन वाजता रक्ताची पिशवी लागली, तर फोन तिलाच करायचा आहे.