मूळ पुणेकराची संमती घेतली का?

पुण्यात ‘मूळ पुणेकर’ असण्याला फार मान. तीन पिढ्या सदाशिव पेठेत काढल्या तरी चौथीला ‘पण तुमचं मूळ गाव कुठलं?’ हा प्रश्न चुकत नाही. एका रहिवाशाकडे मात्र बिनतोड कागद आहे. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली दख्खनच्या माशांवर निबंध लिहिला. त्यात पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या एका माशाची शास्त्रीय नोंद आहे. लोक त्याला ‘खुद्री’ म्हणत, तेच नाव साहेबाने दप्तरी लावले. आजचा टोर खुद्री, म्हणजे आपला महासीर. हा मासा कुठल्याही नदीत मिळो, दाखला पुण्याचाच.

त्याच नदीचा सध्या पुनर्विकास चालू आहे. लांबी 44 किलोमीटर, खर्च साडेचार हजार कोटींच्या वर. घाट, पायऱ्या, सायकल ट्रॅक, हिरवळ, बाक. कामाचा एक टप्पा बंडगार्डनपासून मुंढव्याकडे जातो, म्हणजे नेमका साइक्ससाहेबाच्या दिशेला.

पुनर्विकासाचे नियम पुणेकराला पाठ आहेत. आधी जुन्या सभासदाची संमती, मग दुसरीकडे राहण्याचे भाडे, नव्या इमारतीत वाढीव चटईक्षेत्र आणि वर पार्किंग. नदीच्या पुनर्विकासात सगळ्यात जुन्या सभासदाला बैठकीची नोटीससुद्धा नाही. त्याचा फ्लॅट मात्र नकाशातून गेला.

फ्लॅट तसा साधाच होता. पावसाळ्यात पाणी वाढले की महासीर चढणीला लागतो. अंडी घालायला त्याला वाहते, स्वच्छ पाणी आणि तळाशी गोटे लागतात. पिल्ले मोठी होतात काठालगतच्या उथळ पाण्यात, बुडालेल्या गवताच्या आडोशाला. पुराचे पाणी जिथे पसरून संथ होते, तीच त्यांची बालवाडी. नकाशावर तिला ‘रिकामी जागा’ म्हणतात. रिकामी जागा दिसली की पुण्यात आधी डंपर भराव टाकतो आणि मग लॉन्सवर लग्न लागते.

नळजोडणीची कथा आणखी सुरस आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून 29 टीएमसीची साठवण. ते पाणी शहराला जाते, कालव्याने दौंड-इंदापूरला जाते. चढणीच्या माशाला धरण ओलांडायला जिना नाही. उन्हाळ्यात मुठेच्या वाट्याला येते ते आपण न्हाणीघरातून पाठवतो तेवढे. पुण्यातली नदी बारमाही आहे याचे श्रेय ड्रेनेज खात्याला द्यायलाच हवे. आणि मग 25 जुलै 2024 ची पहाट उजाडते, खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकच्या आसपास पाणी सुटते आणि नदीकाठच्या एकता नगरीच्या पार्किंगमध्ये गाड्या तरंगतात. आठ महिने धरणातून थेंब नाही आणि एका रात्रीत सगळी थकबाकी!

यावर उपाय म्हणून कागदावर दोन पूररेषा आहेत. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल सिग्नलला न थांबणाऱ्या शहराने लाल रेषेला थांबावे, ही अपेक्षा करणारा माणूस नक्की बाहेरगावचा असणार.

‘महासीर लोणावळ्यात सुखरूप आहे,’ असेही सांगितले जाते. खरे आहे. तिथल्या टाटांच्या केंद्रात सुमारे पन्नास वर्षे त्याची पैदास होते आणि पिल्ले देशभर पाठवली जातात. कावेरीतही गेली. तिथे आमच्या पुणेकराने असे बस्तान बसवले की तिथला मूळचा कुबडा महासीर आज अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे. दुसऱ्याच्या गावात जाऊन ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हणत जागा अडवायची, यापेक्षा अस्सल पुणेरीपणाचा पुरावा कोणता? इकडे टोर खुद्री जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’वरून ‘फारशी चिंता नाही’मध्ये आला. चिंता नाही ती जातीची. ज्या नदीत त्याची पहिली नोंद झाली तिची चिंता त्या यादीत धरत नाहीत.

वाडा गावाजवळ तिळसेश्वराच्या डोहात महासीर आहेत. महाडजवळ वाळणकोंडीतही आहेत. तिथे सल्लागार नाही, प्रकल्प अहवाल नाही, बाकही नाहीत. देवाचे मासे म्हणून कोणी धरत नाही आणि पात्र पात्रासारखे ठेवले आहे, एवढ्यावर काम भागले.

तेव्हा मूळ पुणेकराच्या वतीने तीनच अटी. खडकवासल्यातून उन्हाळ्यातही नदीसाठी म्हणून पाणी सोडा. सांडपाणी आधी शुद्ध करा, फरशा नंतर बसवा. निळ्या रेषेच्या आत एक डंपरही भराव नको. हे जमत नसेल तर ‘नदी पुनरुज्जीवन’ हा फलक काढून ‘बाग’ लिहा. बाग करायला कोणाची हरकत नाही, पण ती नदीत करू नका.