गिल्या वड्याचं गुपित

जिमी जॉन्स या अमेरिकी सँडविच साखळीची दूरदृष्टी वाखाणावी तेवढी थोडी. पावात काकडी भरणाऱ्या पोरांनी नोकरी सोडल्यावर 2 वर्षं, शाखेपासून 3 मैलांत, दुसऱ्या सँडविचवाल्याकडे राबायचं नाही, असं ती लिहून घेई. 2016 मध्ये तिथल्या सरकारी वकिलांनी हे बंद पाडलं, असो.

अमरावतीत गिला वडा तळणाऱ्या पोऱ्याला हा नियम हवाच. उडदाच्या डाळीचं गुपित त्यानं अकोल्याला नेलं तर? त्याच्या आईनंही सणाला वडे करण्याआधी मालकाचा ना-हरकत दाखला आणावा. 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 असे करार रद्द ठरवतं, पण ते इंग्रजांचं.

अडचण निराळीच निघाली. करार करायचा तर पोऱ्या आपल्याकडे कामाला आहे, हे आधी कागदावर आणावं लागतं.

मालक म्हणाले, "राहू द्या. जाऊ द्या त्याले अकोल्याले."