मूळ भोकांसह

1963 साली जॅग्वारने शर्यतीसाठी ॲल्युमिनियमच्या हलक्या ई-टाइप गाड्या करायला घेतल्या. ठरल्या होत्या 18, झाल्या 12. उरलेल्या 6 गाड्यांचे क्रमांक नुसते वहीत राहिले. 2014 साली कंपनीने त्या क्रमांकांच्याही गाड्या बांधायचं जाहीर केलं. न जन्मलेल्यांची इतकी कदर दुसरीकडे कुठे होते?

शर्यतीच्या जुन्या गाड्यांच्या जीर्णोद्धारकांची निष्ठा तर याहून कडक. वजन घटवायला त्या काळी मेकॅनिक पत्र्याला भोकं पाडत. आज तीच भोकं, त्याच जागी, अस्सल हवीत. पत्र्याला भाव नाही, भोकाला आहे. मॅग्नेशियमची जुनी चाकं वयोमानाने तडकतात, म्हणून ती दिवाणखान्यात मांडायची आणि गाडीला नवी नक्कल लावायची. योग्यच आहे. एवढ्या मानाच्या चाकाला फिरायला लावणं बरं दिसत नाही. ग्रॅम-ग्रॅम वजन उतरवलेली ही गाडी मग बंद ट्रेलरमध्ये बसून ट्रकच्या वेगाने प्रदर्शनाला जाते.

आता एकच सुटा भाग मिळायचा राहिलाय: त्या काळचा ड्रायव्हर. कागदपत्रांसह, क्रमांक जुळणारा, शक्यतो कुठेही दुरुस्ती न झालेला. किमतीची चिंता नाही. विम्याची अट तेवढी आहे, त्याने गाडी चालवायची नाही.