आत कोण आहे?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची एक पेढी आहे. तिथला सर्व्हर मी सांभाळतो. सौदे निघतात तेव्हा यार्डभर भावाची चौकशी चालते, पण ती तेवढ्यापुरती. पेढीवर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चालणारा प्रश्न वेगळाच आहे : "आत कोण आहे?" हा प्रश्न खुर्चीतून न उठता, मान न वळवता, समोरच्या भिंतीकडे बघून मोठ्याने विचारायचा असतो. उत्तरही ठरलेलं. "मी नाही ओ!" असं चारी कोपऱ्यांतून येतं. सगळे अगदी खरं बोलत असतात, आणि तरीही आत दोघं असतात.

आत म्हणजे सर्व्हरमध्ये. पेढीचा सगळा हिशेब माळ्यावरच्या त्या एका डब्यात आहे. दिवाणजी यार्डातून, शिंदेताई गावातल्या ऑफिसातून, जीएसटीचं बघणारे काका मिरजेहून आणि अण्णा, म्हणजे मालक, घरच्या झोपाळ्यावरून, असे सगळे रिमोटने त्यात शिरतात. शिरू बघतात, असं म्हणणं जास्त बरोबर. कारण विंडोज सर्व्हर आणला आणि आहे तसा मांडला, तर तो रिमोटने एका वेळी दोघांनाच आत घेतो. तिसरा आला की त्याला दारातच सांगतो, आत फार माणसं झालीत, यांतल्या कुणाला बाहेर काढायचं ते तुम्हीच निवडा. खाली दोन नावं. नवख्या माणसाच्या हाती एवढा अधिकार आमच्या पेढीवर दुसरं कुणीही देत नाही. दिवाळीची उचल मागायची तरी अण्णांचे चार प्रश्न ऐकावे लागतात.

दोनच का, असं मला सगळे विचारतात, जणू तो आकडा मीच काढला. खरं तर यंत्राला दोनाचं काही ओझं नाही. विसेक माणसं बसून हिशेब लिहितील एवढी त्याची ऐपत आहे. दोन हा आकडा परवान्यातला आहे, आणि त्यामागची कल्पनाही वाईट नाही. हे दोघं सर्व्हरची देखभाल करणारे असावेत : एकाने काम करावं, तो अडकला तर दुसऱ्याने जाऊन सोडवावं. दिवाणजी शेतकऱ्याची पट्टी काढतात ती काही सर्व्हरची देखभाल नव्हे, हे मी त्यांना सांगून पाहिलं.

"मग पट्टी निघाली नाही तर सर्व्हरची देखभाल कोणाच्या पैशाने करणार ओ तुम्ही?" ते म्हणाले.

यावर परवान्याच्या कागदात उत्तर नाही. मी बघितलं.

जुन्या लोकांना २००३ चा विंडोज सर्व्हर आठवत असेल. त्यात या दोघांखेरीज एक तिसरी जागा होती, खुद्द यंत्रासमोर बसणाऱ्याची. तिला कन्सोल म्हणत. रिमोटच्या आज्ञेपुढे एक शब्द जोडला की लांबूनही त्या जागेवर जाऊन बसता यायचं. आमच्या धंद्यातल्या निम्म्या अब्रू त्या एका शब्दाने राखल्या आहेत. २००८ च्या आवृत्तीत ती पायवाट बुजली. शून्य क्रमांकाचं सेशन फक्त सर्व्हरच्या अंतर्गत सेवांसाठी राखून ठेवलं गेलं आणि माणसांना तिथे मज्जाव झाला. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच झालं, असं मी चारचौघांत म्हणतो.

पण दोनाचं खरं दुखणं दोन हे नाही. सगळे वेळच्या वेळी उठले असते तर दोनांतही भागलं असतं. दुखणं हे की कुणी उठतच नाही. काम झालं की लोक खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबतात. त्यावर एक सूचना येते की तुमचं सेशन तुटेल, पण तुमचे प्रोग्रॅम चालूच राहतील. ही सूचना पेढीवर कुणी वाचल्याचा पुरावा नाही. 'ओके' दाबून माणूस चहाला जातो. आत त्याचं सेशन तसंच. पंगतीतला माणूस हात धुवून, विडा खाऊन केव्हाच घरी गेलाय, पण त्याचं पान कुणी उचललेलं नाही. वाढपी त्या रिकाम्या पाटासमोर वाकून वाढतोय, वर आग्रह करतोय, आणि दुसरी पंगत भिंतीला टेकून उपाशी उभी आहे. आता या उठून गेलेल्या पाहुण्याला घरी फोन करून विचारा, "जेवताय का अजून?" तो "नाही" म्हणणार. खरंच बोलतोय तो.

साइन आउट करून बाहेर पडा, असं मी सगळ्यांना बजावलं. कागद चिकटवला. भिंतीवर लक्ष्मीच्या तसबिरीखाली लावला, म्हणजे रोज नजर जाईल. रोज त्या कागदाला हळदकुंकू लागतं.

एके काळी हा प्रश्नच नव्हता, असं शिंदेताई म्हणतात, आणि तेही खरं. तेव्हा सगळे 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' या एकाच नावाने आत जात. विंडोज सर्व्हर मुळात एका नावाला एकच सेशन देतो. त्याच नावाने दुसरा आला की पहिल्याला बाहेर काढतो आणि त्याचं सेशन, आहे त्या अवस्थेत, दुसऱ्याच्या हवाली करतो. दिवाणजी पोत्यांची संख्या भरत असत, हमाली टाकायची बाकी असे, तेवढ्यात पडदा काळा. दुसऱ्या कुणी जोडणी केल्यामुळे तुमची जोडणी तुटली, एवढंच लिहिलेलं. तिकडे गावात शिंदेताईंसमोर अर्धी पट्टी आपोआप उघडून उभी. ताई मुळात शिस्तीच्या. समोर आलेलं काम पुरं केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्या आपल्या अंदाजाने हमाली टाकून पट्टी सेव्ह करत. मग दिवाणजी परत शिरत, ताई बाहेर. त्या काळात पेढीच्या हिशेबाला एकच हस्ताक्षर होतं, फक्त ते कुणाचं हे ठरवता येत नसे. लेखापरीक्षक आले तेव्हा सगळ्या नोंदी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नावाच्या गृहस्थाने केलेल्या निघाल्या. "हे कुठे बसतात?" त्यांनी विचारलं. मग मी प्रत्येकाला वेगळं नाव दिलं, आणि दोनाची भिंत उघडी पडली.

आता एक आज्ञा आहे, 'क्वेरी यूजर'. ती दिली की सर्व्हर आत कोण कोण आहे ते सांगतो : नाव, सेशनचा क्रमांक, सक्रिय की तुटलेलं, आणि किती वेळ हात हलला नाही. चोवीस तास उलटले की तास-मिनिटांपुढे दिवसांचा आकडा येतो आणि मधे अधिकचं चिन्ह. '४+०२:३७' म्हणजे चार दिवस, दोन तास, सदतीस मिनिटं. सेशनचा क्रमांक देऊन लॉगऑफ म्हटलं की माणूस बाहेर. एवढंच. कसलीही विचारणा नाही. पण त्याच्या उघड्या नोंदी, अर्धं व्हाउचर, सगळं त्याच्यासोबत जातं, आणि फोन मला येतो. म्हणून मी आधी फोन करतो. सेशन काढायला एक क्षण पुरतो. "काका, काढू का तुम्हाला?" या प्रश्नाला काकांकडून मिरजेच्या पाण्याची, नातवाच्या दहावीची आणि नव्या रिटर्नची माहिती घेऊन 'हो' मिळवायला बराच वेळ जातो.

यावर उपाय सर्व्हरमध्येच आहे. तुटलेलं सेशन किती वेळाने संपवायचं, आणि चालू असून हात न हललेलं किती वेळाने तोडायचं, हे ठरवून देता येतं. मिनिटापासून पाच दिवसांपर्यंत पर्यायांची यादीच असते, शिवाय 'कधीच नाही' हाही पर्याय. तुटलेल्याला मी अर्धा तास दिला, त्यावर फारशी कुरकुर झाली नाही. न हललेल्याला पंधरा मिनिटं दिली, तिथे मात्र बंड झालं. सौद्याच्या दिवशी दिवाणजी एका कानाला फोन लावून इरोडच्या पार्टीशी बोलत असतात. ते संभाषण पंधरा मिनिटांत नमस्कार-चमत्कारापर्यंतच पोचतं. सर्व्हर सभ्य आहे. तोडण्याआधी दोन मिनिटं इशारा देतो. पण इशाऱ्याकडे बघायला डोळे रिकामे हवेत. मग दिवाणजींनी त्यांच्या पद्धतीने मार्ग काढला. चहा देणाऱ्या पोराला सांगून ठेवलं : कप ठेवलास की माऊस जरा हलवून जा. पोरगं हुशार. ते सगळ्यांचेच माऊस हलवून जाऊ लागलं, रिकाम्या खुर्चीसमोरचेसुद्धा. त्या आठवड्यात आमच्या सर्व्हरवर एकही निष्क्रिय माणूस सापडला नाही.

माझा भाचा पुण्यात हिंजवडीला असतो. लिनक्सवाला. सुट्टीला आला की माझी कीव करतो.

"मामा, आमच्याकडे ही दोनाची भानगडच नाही."

"मग किती?"

किती, ते सांगताना जरा चाचरला. त्यांच्या रिमोट लॉगिनच्या प्रोग्रॅममध्येही मर्यादा आहेच. ज्यांनी अजून पासवर्ड दिलेला नाही असे दहाजण दारात जमेपर्यंत तो सगळ्यांना उभं राहू देतो. पुढे येणाऱ्यातल्या शंभरातल्या तिसांना, कोणतं कारण न देता, नशिबाने, परत पाठवतो. गर्दी वाढेल तसं परत पाठवण्याचं प्रमाण वाढत जातं, आणि शंभर झाले की सगळ्यांनाच नाही म्हणतो. दहा, तीस, शंभर, असे आकडे ठरलेले आहेत. बाहेरून हल्ला करणाऱ्यांसाठी ती सोय आहे, असं भाच्याचं म्हणणं. असेल. पण मला दिवाणजींची आठवण झाली. निदान आमचा सर्व्हर माणसाला नाव विचारून तरी हाकलतो.

आणि ही भानगड आजची नाहीच. एका यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करायचं, ही सोय अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांदो कोर्बातो यांच्या मंडळींनी १९६१ मध्ये करून दाखवली. यंत्र क्षणभर याचं काम करतं, क्षणभर त्याचं, आणि प्रत्येकाला वाटतं की ते आपलंच आहे. पासवर्डची पद्धतही तिथल्याच यंत्रावर रुळली. सामायिक यंत्रात कुणाचं काय हे राखायला कुलूप लागलंच. म्हणजे पासवर्ड विसरणे आणि आत जागा नसणे, ही माझ्या पोटापाण्याची दोन्ही साधनं एकाच घरातली. त्या माणसाला १९९० चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. मला वाटतं, त्यात माझ्यासारख्यांचा दुवा मिसळलेला असणार.

शेवटी परवाने घ्यावेत असं मी अण्णांना सुचवलं. जास्त माणसं आत घ्यायची तर सर्व्हरला तशी भूमिका द्यावी लागते, आणि वर माणसामागे नाहीतर यंत्रामागे परवाना. भूमिका बसवल्यापासून १२० दिवसांची सवलत मिळते, तोवर परवान्याशिवाय चालतं. ही सवलत आमच्या धंद्यातला मोठा सापळा आहे. १ डिसेंबरला बसवा आणि मोजा. लीप वर्ष नसेल तर एकशे वीस दिवस भरतात ते बरोबर ३१ मार्चला.

अण्णांनी सवलतीत रस दाखवला नाही. ते व्यापारी आहेत. त्यांनी वेगळाच धागा पकडला.

"यंत्रामागे घेतला, तर त्या यंत्रावर किती माणसं बसणार?"

"कितीही. आळीपाळीने."

"मग एकच घ्या की."

तो हिशेब परवान्याच्या नियमात चोख बसत होता. मी मान्य केलं. मग यार्डातल्या एका कॉम्प्युटरपुरता एक परवाना घेऊन सगळ्यांनी तिथेच काम करायचं ठरलं. शिंदेताई रिक्षा करून यायला लागल्या, काका मिरजेहून एसटीने. सर्व्हरच्या दारातली रांग खुर्चीच्या मागे येऊन उभी राहिली, आणि "आत कोण आहे?" ऐवजी "उठताय का?" सुरू झालं. जीएसटीच्या २० तारखेच्या आदल्या दिवशी काकांनी डबा आणून खुर्चीतच जेवण केलं, तेव्हा अण्णांनी गुपचूप आणखी चार परवान्यांना होकार दिला.

आता आत पुरेशी जागा आहे. वेळेच्या मर्यादाही सगळ्यांना सारख्या लावल्या आहेत, एक नाव सोडून. अण्णांच्या नावापुढे 'कधीच नाही'. त्यांचा लॅपटॉप घरी चोवीस तास चालू असतो आणि त्यावर सर्व्हरची खिडकी खाली दडवलेली. क्वेरी यूजरच्या यादीत ते सदैव सक्रिय, आणि शेजारी दिवसांचा आकडा वाढतोय. आत त्यांनी कॅल्क्युलेटर तेवढा उघडून ठेवलाय. परवा सर्व्हर बंद करून चालू करायचा होता. मालकाला लॉगऑफ कसं म्हणायचं? म्हणून मी सर्व्हरवरूनच त्यांच्या पडद्यावर संदेश पाठवला, बराच वेळ टिकेल असा : "कृपया बाहेर पडावे."

रात्री त्यांचा फोन.

"काय ओ, हा सर्व्हर कुणाचा?"

"तुमचाच, अण्णा."

"मग मला बाहेर पडा म्हणतोय तो!"

"म्हणजे काम झालं की साइन आउट करायचं, एवढंच, अण्णा."

"मी कुठे आत आहे?" अण्णा म्हणाले. "मी झोपाळ्यावर आहे." आणि त्यांनी फुली दाबली.