आपल्या माणसाचं मैदान

रणजी करंडकाचा अंतिम सामना बघायला तिकीट लागत नाही, हे कळलं तेव्हाच आमच्या मामांचं अर्धं मन वानखेडेवर पोचलं होतं. उरलेलं अर्धं १३ मार्च २०२४च्या संध्याकाळी गेलं. मुंबई विरुद्ध विदर्भ सामन्याचा चौथा दिवस संपला होता. विदर्भाला जिंकायला हवे होते ५३८, झाले होते ५ बाद २४८.

"दोनशे नव्वदच तं राह्यले," मामा म्हणाले.

मामा वीज मंडळातून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांच्या थकबाक्या बघितलेल्या माणसाला २९० हा आकडा मोठा वाटत नाही. मी त्यांना सांगून पाहिलं की रणजीच्या इतिहासातला सगळ्यात मोठा यशस्वी पाठलाग ३७८चा आहे आणि तोही रेल्वेने त्रिपुराविरुद्ध गेल्याच महिन्यात केलाय. "मंग? महिन्याभरात रेकॉर्ड तुटत नाही काय?" शिवाय युसूफ पठाणने २०१०मध्ये दुलीप करंडकाच्या फायनलमध्ये द्विशतक ठोकून पश्चिम विभागाला ५३६चं लक्ष्य गाठून दिलं होतं, हे त्यांना पाठ होतं. म्हणजे उद्या विदर्भ जिंकला तर नुसता करंडक नव्हे, जगातला विक्रम. तो घरच्या सोफ्यावर बसून पाहायचा म्हणजे त्यांना पाप वाटत होतं.

मी तोवर क्रिकेट फक्त टीव्हीवर पाहिलं होतं. जामठ्याचं स्टेडियम पाहिलं होतं, पण वर्धा रोडवरून, बसच्या खिडकीतून. नागपूरच्या माणसाने पहिला सामना बघायला आठशे किलोमीटर लांब जावं यात मला काही तर्क दिसेना. पण रात्रीच्या दुरांतोत चार्ट लागल्यावर उरलेल्या दोन बर्थ मिळाल्या आणि तर्काचा प्रश्न मिटला. मामांच्या हातात पाच किलो संत्र्यांची पिशवी होती. "मुंबईवाले हरल्यावर तोंड गोड कराले पाह्यजे ना," ते म्हणाले. डब्यातल्या यच्चयावत प्रवाशांना त्यांनी हा बेत सांगितला. वरच्या बर्थवरच्या मुंबईकराने चादर डोक्यावरून ओढून घेतली.

सीएसएमटीला उतरून भुयारी मार्गाने पलीकडे गेलो आणि आझाद मैदानातून चर्चगेटकडे निघालो. सकाळी सकाळीच तिथे नेट लागली होती. एकमेकांच्या सीमारेषा ओलांडून इतक्या खेळपट्ट्या की एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्या सामन्याचा लाँगऑन असावा. इथेच १९८८मध्ये तेंडुलकर आणि कांबळी या दोन शाळकरी पोरांनी ६६४ धावांची भागीदारी केली होती, हे मी मोठ्या कौतुकाने सांगितलं. मामांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "म्हणजे सहाशे चौसष्ट होतात इथं," ते म्हणाले, "आपल्याले तं त्याच्या अर्धेबी नको."

गेटवर पिशवीवरून अडलं.

"काका, फळं आत नेता येणार नाहीत."

"काऊन?"

"लोक फेकतात."

"अबे, नागपूरचं संत्रं आठशे किलोमीटरवरून फेकाले आणते काय कोणी? हातात घेऊन पाय. साल पाय किती पातळ आहे."

त्याने हातात घेतलं, साल किती पातळ आहे ते पाहिलं, आणि नियम तोच राहिला. खेळ साडेनऊला सुरू होणार होता, घड्याळात नऊ वाजून गेले होते. मामा फुटपाथवर उभे राहून संत्री वाटू लागले. गेटवरच्या माणसाला दोन, दप्तराऐवजी किटबॅग घेऊन शाळा बुडवलेल्या पोरांना चार, एका हवालदाराला एक, तेही सोलून. पोरं मुंबईची आहेत हे कळल्यावर मामा म्हणाले, "खा. संध्याकाळी द्यायचेच होते." चार-पाच संत्री आम्ही जागेवर खाल्ली आणि आंबट हातांनी आत गेलो.

आत गेल्यावर पहिला विचार आला, हे एवढंसंच आहे? २०११चा विश्वचषक धोनीच्या षटकाराने याच मैदानात जिंकला, तेंडुलकर शेवटची कसोटी इथेच खेळला. टीव्हीवर ते सगळं एखाद्या तालुक्याएवढं दिसतं. इथे सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक हाक मारली तर वळून बघेल इतका जवळ. तेहतीस हजारांच्या मैदानात गुरुवारी सकाळी बसायला पाहिजे तेवढी जागा होती, त्यामुळे हाक ऐकू जाण्याचीही अडचण नव्हती. मामांनी लगेच मारली. क्षेत्ररक्षक वळला. मामा माझ्याकडे वळले आणि दुसरीकडे बघायला लागले.

आम्ही बसलो ते खेळपट्टीला आडवे. टीव्हीचा कॅमेरा गोलंदाजाच्या पाठीमागून दाखवतो, त्यामुळे मी आजवर स्वतःला फिरकीचा जाणकार समजत होतो. आडवं बसलं की चेंडू वळला की सरळ गेला ते दिसत नाही, लवकर आला की सावकाश एवढंच कळतं. बॅटचा आवाज येतो तोवर चेंडू भलतीकडेच असतो. आणि सांगणारं कोणी नाही. ओव्हर संपली की जाहिरात लागत नाही, खेळाडू नुसते इकडून तिकडे चालत जातात आणि त्या वेळात प्रेक्षकाने काय करायचं याची कुठे सूचना नसते. मधूनच मैदानालगतच्या रुळांवरून लोकल खडखडत जाते. काही जण बहुधा हेच ऐकायला येत असावेत, इतके ते निवांत होते.

आमच्या पुढच्या ओळीत टोपी घातलेले एक आजोबा मांडीवर वही ठेवून चेंडूगणिक टिंबं काढत होते. गिरगावचे. मोठा धावफलक समोर असताना ते का लिहितात, असं मामांनी विचारलं. "तो चुकतो," आजोबा म्हणाले.

दोघांची जुंपायला एवढं पुरलं. मामांनी हुकमाचं पान काढलं, की हे मैदानच मुळात विदर्भाचं आहे. शेषराव वानखेडे आमच्याकडचे, विधानसभेचे अध्यक्ष, त्यांनी बांधलं म्हणून तुम्हाला खेळायला मिळतं. आजोबांनी टिंब काढून मान हलवली. "बरोबर. पण का बांधलं ते सांगा." मामांना का ते ठाऊक नव्हतं. मग आजोबांनी दोन चेंडूंच्या मध्ये मध्ये सांगितलं. पूर्वी कसोट्या होत त्या इथून दहा मिनिटांवरच्या ब्रेबॉर्नवर. ते स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे खासगी क्लबचं. मुंबईच्या संघटनेला सामन्यांची जास्त तिकिटं हवी होती, क्लब देईना, क्लबाचे अध्यक्ष विजय मर्चंट. वानखेडे तेव्हा संघटनेचे अध्यक्ष. भांडण इतकं पेटलं की त्यांनी हाकेच्या अंतरावर दुसरं स्टेडियमच उभं केलं आणि १९७५च्या जानेवारीत तिथे वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी भरवली. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ काढून मैदानाचं उद्घाटन केलं.

"म्हणजे तिकिटाच्या भांडणातून हे झालं?" मी विचारलं.

"हो. आणि आज फुकट आहे तर बघा किती आलेत." आजोबांनी पेनाने रिकाम्या खुर्च्या दाखवल्या.

मामांना कारण आवडलं. तिकिटासाठी भांडून स्टेडियम बांधणारा माणूस आपल्याकडचाच असणार, असं ते दिवसभर म्हणत राहिले.

एकीकडे खेळ चालू होता आणि त्यात काहीच होत नव्हतं, म्हणजे आमच्या दृष्टीने सगळं होत होतं. अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे आऊट व्हायला तयार नव्हते. मुंबईने पहिल्या डावात आघाडी घेतलेली, त्यामुळे सामना अनिर्णित राहिला तरी करंडक मुंबईचा. विदर्भाला सगळेच्या सगळे रन काढणं भाग होतं. एकेरी धाव निघाली की मामा मोठ्याने वजाबाकी करत. मागच्या ओळीतला कॉलेजचा मुलगा मोबाइलवर हाच सामना पाहत होता. मैदानात बसून मोबाइल कशाला, असं मी मनात म्हणतोय तोवर मामांनी मान मागे वळवून त्याच्यात बघायला सुरुवात केलीसुद्धा. तिथे रिप्ले होता, चेंडू वळताना दिसत होता, समालोचक होता. मोबाइलमधला खेळ मैदानापेक्षा काही सेकंद मागे चालायचा, म्हणून मामा प्रत्येक चौकार दोनदा बघत, एकदा पुढे आणि एकदा मागे, आणि टाळ्याही दोनदा वाजवत.

लंचपर्यंत एकही विकेट पडली नाही. दोनशेच्या आसपास राहिल्या. मुंबईवाले गप्प झाले. मामांनी आजोबांना वडापाव खिलवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "आजोबा, एक्केचाळीस झाले ना तुमचे? आमचे दोनच. एखादा दिला तं काय जाते?"

"ते दोन तरी तुमचे कुठे? कोच आमचा चंद्रकांत पंडित, बॅटिंगला आमचा वसीम जाफर."

"अन् गुरबानीची हॅटट्रिक? तेबी तुमचीच काय?"

आजोबा वडापाव खात राहिले.

वाडकरचं शतक झालं तेव्हा अर्धं वानखेडे उभं राहिलं, आजोबाही. तिथल्या लोकांचं हे मला आवडलं. विरोधी कर्णधाराला टाळ्या देताना हात आखडला नाही. आणि मग धावफलकावर ३५३ असताना तनुष कोटियनचा एक चेंडू आला. मैदानभर अपील, अंपायरचं बोट वर, वाडकर पायचीत १०२. मामा मात्र पाठमोरे होते. मोबाइलमध्ये वाडकर अजून गार्ड घेत होता.

"कुठं आऊट? खेळून राह्यला ना!" मामा ओरडले. तेवढे काही सेकंद सगळ्या स्टेडियममध्ये एकट्या मामांसाठी विदर्भ ५ बाद होता. मग मोबाइलमध्येही कोटियन धावत आला. मामांनी मुलाला सांगितलं, "बंद कर बे ते."

पुढचं सांगण्यासारखं नाही. तुषार देशपांडेने दुबेला ६५वर घालवलं, मागोमाग बाकीचे. शेवटच्या पाच विकेट १५ धावांत पडल्या. शेवटचा सामना खेळणाऱ्या धवल कुलकर्णीच्या हाती रहाणेने चेंडू दिला, त्याने उमेश यादवचा त्रिफळा उडवला. ३६८ सर्वबाद, मुंबई १६९ धावांनी विजयी, बेचाळिसावा करंडक. सकाळची किटबॅगवाली पोरं आमच्या मागून नाचत गेली. त्यांच्यातल्या एकाने मामांना सांगितलं, "काका, संत्री भारी होती." मामांनी त्याला जे उत्तर दिलं ते अस्सल नागपुरी होतं आणि छापण्यासारखं नाही.

निघताना आजोबांनी मामांचा नंबर वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला. पुढच्या वर्षी तो कामी आला. फेब्रुवारी २०२५मध्ये जामठ्याला विदर्भाने उपांत्य सामन्यात मुंबईला ८० धावांनी हरवलं, आणि मार्चच्या सुरुवातीला तिथेच केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर तिसरा करंडक घेतला. मामांनी त्याच संध्याकाळी गिरगावला फोन लावला. स्पीकरवर, आम्हा सगळ्यांना ऐकू यावं म्हणून.

"आजोबा, तीन झाले!"

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "अभिनंदन. म्हणजे आता एकोणचाळीसचा फरक."

मामांनी फोन ठेवला आणि वर्षाला एक धरून हिशेब केला. बरोबरी होईल तेव्हा ते एकशे चार वर्षांचे असतील, आणि मधे मुंबईने एकही जिंकायला नको.

"होते ना बे," ते म्हणाले.